सावलीची सरळ रेघ

बातमी आली तेव्हा मी शहागंजातल्या एका छापखान्यात उभी होते. नळाच्या पाण्यावरचं पत्रक छापायला टाकलं होतं आणि मथळा आणखी ठळक खिळ्यांत हवा म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याशी माझं भांडण चाललं होतं. फोन शेजारच्या कापडाच्या दुकानात. तिथले मुनीम छापखान्याच्या दारात येऊन थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, "गारखेड्याहून फोन होता. तुमच्या बाई गेल्या म्हणे." कोणत्या बाई, हे मला विचारावं लागलं नाही. शाळेत मला पुष्कळ जणींनी शिकवलं, पण कुणीही 'तुमच्या बाई' म्हटलं की त्या भूगोलाच्या सुमतीबाईच. मी जुळाऱ्याला म्हटलं, "असू द्या तोच मथळा..." बाहेर बोरांच्या गाड्या लागल्या होत्या, माघाचं ऊन अजून कोवळं होतं, आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की मार्च अजून यायचाय आणि बाई मार्चच्या आधीच गेल्या. गेलेल्या माणसाबद्दल हा विचार कुणाला विचित्र वाटेल. ज्यांनी बाईंचा मार्च पाहिलाय त्यांना वाटणार नाही.

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. वडिलांनी निजामाविरुद्धच्या लढ्यात पत्रकं पोचवली, पोलीस ॲक्शननंतर ते स्वतः लिहू लागले, आणि मला अक्षरओळख झाली तीही पत्रकांवरूनच. 'आई' वाचायच्या आधी मी 'जाहीर' वाचायला शिकले. त्यामुळे छापलेल्या शब्दावर ठाम विश्वास घेऊनच मी शाळेत गेले. भूगोलाच्या पुस्तकात छापलं होतं की एकवीस मार्चच्या सुमाराला दिवस आणि रात्र समान असतात. मी ते घडाघडा म्हणून दाखवलं. बाई म्हणाल्या, "छान. कुणी पाहिलंय?" वर्गात कुणी पाहिलं नव्हतं. "मग ते अजून आपलं नाही. पुस्तकाचं आहे." आणि त्या आम्हाला मैदानात घेऊन गेल्या. तिथं मातीनं भरलेल्या डब्यात त्यांनी एक काठी रोवली आणि तिच्या सावलीच्या टोकाशी एक चिंचोका ठेवला. तास संपला की एकेक मुलगी धावत जाऊन नव्या टोकाशी पुढचा चिंचोका ठेवायची. थंडीत ही चिंचोक्यांची रांग धनुष्यासारखी वाकते, पोट काठीकडे आणि टोकं लांब गेलेली. उन्हाळ्यात ती उलट्या बाजूला वाकते. वर्षातून दोनदाच, दिवस-रात्र समान होतात तेव्हा, ती ताणलेल्या दोरीसारखी सरळ पडते. शाळा सुटल्यावर आम्ही खरोखरच दोरा ताणून पाहिला. सगळे चिंचोके दोऱ्याखाली! मी काठी अगदी उभी असावी म्हणून शेजारच्या गवंड्याचा ओळंबा मागून आणला होता. बाई हसल्या. "काठी तिरपी असली तरी चालते गं. टोक हलू नये, एवढंच." मला ते पटलं नाही. दुसऱ्या वर्षी मी घरी मुद्दाम तिरपी काठी लावून पाहिली. रेघ सरळच आली.

हा झाला अभ्यास. त्याचा सणही असतो हे मला पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं, बाईंनी गारखेड्याला बोलावलं तेव्हा. तिथं तेव्हा शेतं मोडून नुकते प्लॉट पडत होते. बाईंच्या भावानं घर बांधलं होतं, खाली भाऊ आणि वहिनी, वर गच्चीला लागून एक खोली बाईंची. सकाळी गेले तर गच्चीवर काठी, चिंचोके आणि दहा-बारा बायका. कुणी कपाळाला कुंकू असलेल्या, कुणी नसलेल्या, एक नवऱ्यानं टाकलेली, एक लग्नच न केलेली परिचारिका, शहागंजात फळं विकणारी रहिमाबी. दारात प्रत्येकीच्या ओंजळीत मोगऱ्याची सुटी फुलं. गजरा का नाही, म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, "गजरा दिला की तो केसात माळायचा की नाही, हा प्रश्न येतो. सुटी फुलं हातात धरता येतात." दुपारी सावली सगळ्यात आखूड झाली की ताटं वाढायची. ताटाच्या मधोमध नव्या शाळूची भाकरी दुमडून आडवी. तिच्या एका बाजूला जाणाऱ्या थंडीचं: कवठाची चटणी, शेवटची बोरं, चितेगावच्या शेतातल्या नव्या गव्हाची खीर. दुसऱ्या बाजूला येणाऱ्या उन्हाचं: कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ, पैठणकडच्या वाळूतलं खरबूज, गूळ घालून कालवलेला कडुनिंबाचा मोहोर. कुणी आपल्या हातानं वाढून घ्यायचं नाही, शेजारणीला वाढायचं. पूजा म्हणाल तर तेवढीच. मग पुन्हा चिंचोके, उन्हं उतरेपर्यंत, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून दोरा धरायचा. पहिल्या वर्षी म्हणे बाईंनी ज्वारीचे दाणे ठेवले होते. "चिमण्यांनी अख्खी सकाळ खाल्ली," त्या सांगायच्या. "दुपारपासून पुढचीच रेघ उरली. तेव्हापासून चिंचोके. या दिवसांत चिंचा फोडून झालेल्या असतात, घरोघर मिळतात."

मी विचारलं, हा सण कुणाचा? हिंदूंचा तर दिसत नाही. सरकारी सौर पंचांगाचं वर्ष याच सुमाराला सुरू होतं, पण ते पंचांग रेडिओवर सांगतात, पाळत कुणी नाही. बाई म्हणाल्या, "फार जुना आहे. देवळं आणि मशिदी बांधायच्या आधीचा. याला गच्ची पुरते." मग त्यांनी मला खैरुन्निसा आपांची गोष्ट सांगितली. निजामाच्या राज्यात बाई उर्दूतून शिकल्या. त्यांना भूगोल आपांनी शिकवला, या दिवसाचं पहिलं नावही त्यांनी आपांच्या तोंडून ऐकलं... एतदाले-रबीई, म्हणजे वसंतातला समतोल. पोलीस ॲक्शननंतरचा पहिला मार्च आला तेव्हा बाई मॅट्रिकला होत्या. शहरात एका बाजूला मिरवणुका चालल्या होत्या, आणि आपांच्या गल्लीत दारं दिवसाही बंद. त्या गल्लीत जायला बाईंच्या वडिलांनी सक्त मनाई केली होती. पुस्तक परत करायचं आहे असं सांगून बाई गेल्याच. आपा गच्चीवर एकट्या, समोर काठी रोवलेली. पोरीला पाहून त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "हुकूमत बदली है बेटी, सूरज नहीं. बैठ." घरात भाकरी होती आणि मीठ लावलेली कैरी. दोघींनी एका ताटात खाल्लं. पुढं शाळा मराठीतून झाली आणि आपांची नोकरी गेली. बाईंनी सगळा भूगोल मराठीत पुन्हा पाठ केला, शिक्षिका झाल्या, आणि आपा होत्या तोवर दर मार्चला कैऱ्या घेऊन त्या गच्चीवर जात राहिल्या. इकडून कुणी टोमणे मारले, तिकडूनही मारले. बाईंनी कुणालाही उत्तर दिलं नाही आणि जाणं सोडलं नाही. धैर्य म्हटलं की मोर्चा आणि लाठी आठवते. मी त्या दिवसापासून मीठ लावलेली कैरीही त्यात धरते.

आपांची गच्ची सुटली तेव्हा काठी गारखेड्याला आली. त्याला आणखी एक कारण होतं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत बाईंचा नवरा विषमज्वरानं गेला होता आणि त्या माहेरी परतल्या होत्या. खाली वहिनींचं चैत्रातलं हळदीकुंकू मोठं असे. त्यासाठी डाळ वाटायच्या बाई, पन्हं करायच्या बाई, आणि बायका जमल्या की आत बसायच्या त्याही बाईच. सगळ्याजणी डाळीची तारीफ करत. बाई हे सांगताना हसायच्या. "डाळ माझी चालायची. कपाळ चालायचं नाही." वहिनींना त्यात काही गैर वाटत नव्हतं. रीत होती. वहिनी प्रेमळ होत्या, बाईंच्या आजारपणात रात्र रात्र बसत, पण गच्चीवरच्या प्रकाराला त्या 'वन्संचं खूळ' म्हणायच्या. त्या दिवशी पाण्याचा माठ वर पाठवत, सतरंजी पाठवत, स्वतः एकदाही आल्या नाहीत आणि वरचा घासही कधी खाल्ला नाही.

माझं आणि बाईंचं मात्र या दिवसावरून कायम वाजायचं. मी तेव्हा कर्मकांडाविरुद्ध एक सणसणीत पत्रक लिहिलं होतं. सगळे सण मोडल्याशिवाय बायका सुटणार नाहीत, असा त्याचा सूर. ते मी बाईंच्या गच्चीवरच वाटलं. बाईंनी ते नीट वाचलं, उलटं केलं, कोऱ्या बाजूवर माझ्यासमोर डाळ वाढली आणि म्हणाल्या, "कागद चांगला जाड निघाला, पत्रकवाली. तेल झिरपत नाही." सगळ्या हसल्या. मी चिडून म्हटलं, "बाई, तुम्ही एक सण नाकारता आणि दुसरा उभा करता. कर्मकांड ते कर्मकांडच." तेव्हा त्या हसायच्या थांबल्या. "तू मोडायला निघालीस ते बरोबर आहे. मी अडवणार नाही. पण मोडून झाल्यावर जी जागा रिकामी होते तिथं या बायकांनी काय करायचं? तुझी भाषणं ऐकायची?" आणि पुढं म्हणाल्या, "शिवाय हा सण नाहीच. मी कुणाला काही मागत नाही. सावली कुठं पडते ते बघते आणि जेवते." मी हटले नाही. सण आहे, असं मी म्हणायची. नाही, असं त्या म्हणायच्या. हा वाद आमच्यात कधी मिटला नाही, आणि खरं सांगते, मिटावा असं दोघींनाही वाटत नव्हतं.

बाई गेल्या. दिवसकार्य झालं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी वहिनींकडे गेले. एकच गोष्ट मनात पक्की होती, की यंदा खंड पडता कामा नये. या बायकांना बोलावणारं दुसरं दार शहरात नाही. एक वर्ष गच्ची बंद राहिली की पुढच्या वर्षी कोण कुणाला विचारणार? वहिनी ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. मी विषय काढला तशी त्यांनी बत्ता खाली ठेवला.

"नाय पोरी. घरातलं माणूस गेलंय. वरीसभर सण नाय."

मी तयारीनं गेले होते. म्हटलं, "वहिनी, हा सण नाहीच. बाई स्वतः म्हणायच्या. सावली बघायची आणि जेवायचं. पंचांगात शोधा, कुठं लिहिलंय?" बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं. ज्या मुद्द्यावर मी बाईंशी वर्षानुवर्षं भांडले तोच आता उलटा करून मांडत होते. पण गच्ची उघडायची तर मला कोणतीही बाजू चालणार होती.

वहिनींनी मान वर केली. "काय बोलायलीस तू? सण नाय? त्या दोन दोन म्हैने आधी चिंचोके निवडून ठेवायच्या. मोगऱ्याला मार्चात फूल यावं म्हणून पानं खुडायच्या. मला दिवाळीचं इतकं नसतं. आन तू म्हंतीस सण नाय?" त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली. "सण व्हता वन्संचा. सण हाय म्हणूनच नाय."

इतकी वर्षं ज्याला खूळ म्हटलं त्याला वहिनींनी सण म्हटलं होतं, आणि म्हणून दार बंद केलं होतं. सूर्याला सुतक नसतं वगैरे वाक्यं मी पत्रकासाठी घडवून ठेवली होती, ती त्या ओट्यावर मला उच्चारवेनात. पोकळ वाटली. घरी येऊन आईला सांगितलं. माझी आई चळवळीतल्या माणसाची बायको, म्हणजे जन्मभर सभांना आलेल्या लोकांचं जेवण तिनं रांधलं, आणि सभेत काय ठरलं ते तिला भांडी घासताना कळलं. ती पीठ मळत होती. म्हणाली, "यंदा होळी कधी आहे?"

"महिन्याच्या अखेरीला. एकवीसनंतर."

"मग सोपं आहे की. वहिनी म्हणतात हा सण. म्हणजे माणूस गेल्यावरचा पहिला सण हाच. पहिल्या सणाला दुखवट्याच्या घरी चूल पेटवायची नसते. बाहेरच्यांनी करून न्यायचं, आणि घरच्या बाईला आपल्या हातानं पहिला घास द्यायचा. नेलेलं कुणी परत पाठवत नाही. इतकी शिकलीस आणि वाद काय घालत बसतेस? डाळ भिजत घाल."

ही रीत मला माहीत होती. होळीला, दिवाळीला आईबरोबर अशी ताटं घेऊन मीच कितीतरी घरी गेले होते. रीत म्हटली की मोडायची, या सवयीत ती हाताशी धरताही येते हे मला सुचलं नव्हतं. मी सायकल काढली आणि एकेकीच्या घरी गेले. पत्रक छापलं नाही. तोंडानं सांगितलं: वहिनींकडे पहिला सण न्यायचाय, तुम्ही काय आणाल? शहागंजात रहिमाबी कैऱ्यांवर पाणी मारत होती. माझं ऐकून म्हणाली, "मैं तो वैसेच आने वाली थी. देखने के वास्ते, इस साल सूरज छुट्टी पे है क्या."

एकवीस तारखेला सकाळी आम्ही जिन्याशी उभ्या राहिलो, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं भांडं. माझ्या आईच्या हातात भाकऱ्यांचं फडकं. वहिनी दारात आल्या. त्यांनी एकेक झाकण बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लई चाबरी हायेस तू." मी म्हटलं, "वहिनी, सण तुम्हीच म्हणालात." आईनं मला कोपरानं ढकललं, म्हणजे गप्प बस. ती पुढं झाली आणि हळूच म्हणाली, "ताई, पहिला सण आणलाय. दारातून परत न्यायचा का?" वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मग कमरेची किल्ली काढून गच्चीचं कुलूप स्वतः उघडलं आणि पहिल्यांदाच त्या दिवशी त्या आमच्याबरोबर वर आल्या.

डब्यातली माती वाळून कडक झाली होती. ती ओली करून आम्ही काठी रोवली. चिंचोके वहिनींनी खालून आणले, ओट्यावर फोडलेल्या चिंचांचे. दुपारी ताटं मांडली आणि अवघड क्षण आला. पहिला घास कोण देणार? रिवाजानं सवाष्णीनं द्यावा, सोयऱ्यातल्या. तिथं बाईंचं सोयरं कुणीच नव्हतं, किंवा सगळ्याच होत्या. ज्या बायकांना वहिनींनी कधी हळदीकुंकवाला बोलावलं नाही त्या ताटांभोवती उभ्या होत्या आणि एकही हात पुढं करीना. नाकारलं जायची सवय हाताला फार लवकर लागते. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात रहिमाबीनं मोहोर आणि गूळ चिमटीत घेतला आणि थेट वहिनींसमोर जाऊन बसली.

"भाभी, मुँह खोलो. कडवा है, मगर मीठा भी है. नक्को मत बोलो."

वहिनींची नजर त्या हातावर. घरात रहिमाबीच्या कैऱ्या यायच्या, पण विटाळ नको म्हणून धुऊन घेतल्याशिवाय आत जात नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, रहिमाबीलाही. वहिनींनी पदर डोक्यावरून नीट केला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. घास गिळून झाल्यावर म्हणाल्या, "गूळ कमी पडलाय गं ह्यात." रहिमाबी म्हणाली, "तो अगले साल तुम डालो." आणि मग वहिनींनी शेजारी बसलेल्या परिचारिकेच्या ताटात आपल्या हातानं डाळ वाढली. त्यानंतर कुणी कुणाला थांबवलं नाही. बाईंबद्दल सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या, हसू लागल्या, मध्येच एखादीला रडू फुटायचं, आणि तिला शेजारीण खरबुजाची फोड द्यायची. संध्याकाळी दोरा ताणला. एका टोकाला माझी आई, एका टोकाला वहिनी. रेघ सरळ होती.

काही वाचक म्हणतील, एका घरच्या गच्चीवर बायका जेवल्या, यात लिहिण्यासारखं काय? मी लिहिते कारण हे बंद पाडणं किती सोपं होतं ते मी पाहिलंय. कुणी बंदी घालायची गरज नव्हती, एका वर्षाचं मौन पुरलं असतं. सण मोडले पाहिजेत, हे माझं मत आजही तेच आहे. ज्या सणात कपाळ बघून दार उघडतात तो मोडायला मी उद्याही जाईन. पण बाईंची जागा मी रिकामी होऊ देणार नाही. हे त्यांच्या जाण्यानंतर शोकात केलेलं विधान नाही, हा माझा कार्यक्रम आहे.

दुसऱ्या दिवशी भांडी न्यायला मी पुन्हा गारखेड्याला गेले. खाली कुणी दिसेना. वर गेले तर वहिनी गच्ची झाडत होत्या. बाईंच्या खोलीचं दार वाऱ्याला उघडं टाकलेलं, आत खाटेवर ऊन आलेलं. कालच्या चिंचोक्यांना त्यांनी हात लावला नव्हता, अलीकडून आणि पलीकडून झाडून घेतलं होतं. आणि कालच्या रांगेच्या शेजारी एक नवा चिंचोका ठेवलेला होता, आजच्या सकाळचा.

"हे कशाला वहिनी?" मी विचारलं. "दिवस तर झाला."

"वन्सं ठेवायच्या की दुसऱ्या दिवशी बी. रेघ कुणीकडं वळती ते बघाया." त्यांनी केरसुणी कठड्याला टेकवली, उन्हाकडं बघून डोळे बारीक केले आणि मी उचललेली भांडी माझ्या हातातून घेऊन पुन्हा खाली ठेवली. "बस घडीभर. आन पुढल्या साली हे आयतं काय आणू नका. चूल घरची पेटंल. तू नुसती लोकं गोळा करून आण."